आप्पांची निवेदनं

(पडद्यावर: पत्र्याची पेटी, आत फायली. मागून कोणीतरी क्लॅरोनेटवर सूर लावतंय.)

ही पेटी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे मोठे काका, आणि पेटीत सोनंनाणं काही नाही हो, नुसते कागद. तहसीलदारांना दिलेलं निवेदन, पोलीस स्टेशनला दिलेलं निवेदन, पालकमंत्री आले तेव्हा रेस्ट हाऊसबाहेर तीन तास उभं राहून दिलेलं निवेदन, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पोच मिळाल्याचा जांभळा शिक्का. वीसेक वर्षं आप्पा आमच्या तालुक्यातल्या बँडवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. आता व्हिडिओत मी जे बोलतोय त्यालाही निवेदनच म्हणतात, मग म्हटलं त्यांच्या एवढ्या निवेदनांवर आपलं एक होऊन जाऊ दे.

बाहेरच्यांना आधी एक सांगतो. खान्देशात लग्नात वरणबट्टीला तूप कमी पडलं तर लोक दोन दिवस बोलतात, पण बँड पडेल निघाला तर दहा वर्षं बोलतात. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला कळस, आणि जूनचा पाऊस आला की गाडी शेडमध्ये. ट्रंपेट, युफोनियम बहुतेक मेरठचे, तिथे १८८५ पासून हा धंदा चालू आहे, पण वाजतं ते आपलंच. नंदुरबार-साक्रीकडच्या आदिवासी पट्ट्यातली पावरी, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, आता कीबोर्डवर वाजते, आणि ती सुरू झाली की जळगावच्या लॉन्सवर टाय लावून आलेला इंजिनिअर पण रुमाल काढून नाचतो.

(पडद्यावर: शेडमधली बँडची गाडी, दोरीवर वाळत घातलेले लाल कोट.)

लोकांना वाटतं अध्यक्ष म्हणजे हार, फोटो, बॅनर. आप्पांचं निम्मं आयुष्य गेलं उचलीत. दिवाळीच्या आधी मालक वादकाला उचल देतो, म्हणजे सीझनचे पैसे आगाऊ, घरात कोणाचं आजारपण नाहीतर बहिणीचं लग्न असतंच. मग ऐन मार्गशीर्षात दुसरा मालक जास्त पैसे दाखवतो आणि क्लॅरोनेटवाला रातोरात गायब. क्लॅरोनेटवाला गेला की बँड गेला, ढोलवाला कुठूनही मिळतो (ढोलवाल्यांनी माफ करावं). मग दोन्ही मालक, वादक, वादकाची आई असे सगळे आमच्या ओट्यावर. आप्पा आधी चहा पाजायचे, चहा होईपर्यंत कोणी बोलायचं नाही हा नियम. मग वही काढायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, पावती शे का?

पावती नसेल तर उचल दिलीच नाही असं धरायचं. सुरुवातीला मालक चिडले, आपल्या धंद्यात कोण पावत्या फाडतं म्हणाले, पण दोनतीन सीझन गेले आणि सगळ्यांच्या खिशात पावतीबुक आलं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, बाकी सत्कार-बित्कार चालतच असतात. वादकाला पण त्यामुळे कळायला लागलं की आपल्या अंगावर नक्की किती बाकी आहे, नाहीतर आधी मालक तोंडाला येईल तो आकडा सांगायचा.

दुसरी कटकट रात्री दहाची. २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हे पक्कं केलं, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आता मे महिन्यात पारा ४४ वर असताना वरात दिवसा कशी काढणार, नवरदेव घोड्यावरच वितळायचा. लोक निघायचे नऊला, त्यात मामा रुसलेले, आणि दहाला पोलीस गाडी हजर, ती पकडणार कोणाला? वरबापाला नाही, बँडवाल्याला. त्यावर आप्पांनी संघटनेत ठराव केला की सुपारी घेतानाच कागदावर लिहून घ्यायचं, पावणेदहाला शेवटचं गाणं, पुढची जबाबदारी यजमानाची. यजमान सही करतो आणि पावणेदहाला विसरतो हा भाग वेगळा.

आणि मग २०२०. त्या वर्षी आखाजी २६ एप्रिलला होती, सगळा देश घरात. पुढच्या वर्षी महाराष्ट्रात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, त्यात बँडचीच पंधरा माणसं असतात, सांगा आता कोणाला बोलावणार. दोन सीझन गेले. मालकांनी गाड्यांवरचे भोंगे विकले, पोरं केळीच्या बागेत घड वाहायला गेली. आप्पांनी त्या दोन वर्षांत जेवढी निवेदनं दिली तेवढी आधीच्या दहा वर्षांत नसतील, पेटीतला सर्वात जाड गठ्ठा तोच आहे. हातात फार काही आलं नाही. शिक्के मात्र सगळ्यांवर आहेत.

(पडद्यावर: आप्पांच्या खिशातून निघालेला लॅमिनेशन केलेला कागद, कडा पिवळ्या.)

हा कागद नीट बघा. लॉकडाऊन सरल्यावर एका लग्नात एका कंपनीचा माणूस आला, लॉन्सच्या मॅनेजरला म्हणाला गाणी वाजवायची तर लायसन्स दाखवा नाहीतर पैसे भरा. मॅनेजरनं बोट दाखवलं बँडकडे. वरात थांबली, मला आप्पांचा फोन आला की तू इंग्रजी शिकेल शे ना, बघ जरा. मी बघितलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, त्यातलं झेड ए, धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर ते उल्लंघन होत नाही, आणि खाली स्पष्टीकरण दिलंय की लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ पण त्यातच येतात. आप्पांनी त्याची झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली, आणि प्रत्येक मालकाच्या गाडीत एकेक ठेवली. पुढे २४ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं पण हेच सांगणारी जाहीर सूचना काढली, तर आप्पा असे फिरले जसं काही यांनीच दिल्लीत बसून लिहिलीय.

पण गोष्ट तिथेच संपत नाही, कारण समोरच्यांची पण संघटना असते आणि ती आपल्या ओट्यावर बसत नाही. रेकॉर्ड कंपन्यांची देशातली संघटना १९३६ ची आहे, तेव्हा फोनोग्राफिक इंडस्ट्री म्हणायचे, आता इंडियन म्युझिक इंडस्ट्री. रेकॉर्डिंगचं लायसन्स देणारी पीपीएल १९४१ ची, गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस १९६९ ची. तिथले अध्यक्ष सूटात असतात, मंत्रालयात आणि कोर्टात जातात, पण करतात काय तर हेच, आपल्या माणसांचा पैसा कुठे अडकलाय ते शोधायचं आणि कागद लिहायचे. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये लग्नाला सूट आहे असं परिपत्रक काढलं, ते पीपीएल वगैरे हायकोर्टात घेऊन गेले आणि ऑगस्टमध्ये कोर्टानं रद्द करून दाखवलं. परिपत्रक रद्द झालं, कलम जागेवरच आहे, पण कलमाची हद्द परिपत्रकानं ताणता येत नाही. आप्पांना हे समजावून सांगताना माझा घाम निघाला.

आणि आता खरी पंचाईत सांगतो. मी स्वतः अहिराणी गाणी करतो. चाळीसगावच्या एका खोलीत गादी भिंतीला लावून स्टुडिओ केलाय, युट्यूबवर टाकतो, दोनतीन गाणी बरी चालली. म्हणजे घरात काका फुकट वाजवायच्या बाजूनं आणि पुतण्या पैसे मागायच्या बाजूनं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही असं केलं, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी बोलले होते. मी हे जेवताना सांगितलं तर आप्पांचा भाकरीचा घास हातातच राहिला.

"तुन्हं गानं, तुन्हा पैसा, मंग आम्हनं पोट?"

मी म्हटलं आप्पा, वरातीत वाजवा हो, कोण अडवतंय, पण मोबाईल कंपनीचा इव्हेंट असतो, हॉटेलात थर्टी फर्स्ट असतो, तिथे डीजे माझं रेकॉर्डिंग लावतो आणि तिकीट घेतो, तिथे तरी माझा हिस्सा नको का? ते गप्प बसले. मग म्हणाले, तुम्ही गानावाला एक व्हा ना मंग. एकेकटा काय फेसबुकवर रडी ऱ्हायनात.

मुद्दा बरोबर होता, म्हणून राग आला. आम्ही एक होत नाही कारण आम्हीच एकमेकांना लुटतो. आखाजीची गाणी आमच्या आज्या झोक्यावर म्हणायच्या, त्यातली एक ओळ मी घेतली, दुसऱ्यानं पण तीच घेतली, आणि त्यानं माझ्यावरच क्लेम टाकला. लोकगीत कोणाच्या मालकीचं? कोणाच्याच नाही, पण युट्यूबच्या मशीनला आजी कुठे माहीत, तिला आधी कोणी नोंदवलं एवढंच कळतं. तीन महिने त्या व्हिडिओचे पैसे अडकले. शेवटी आप्पांनीच त्या पोराला ओट्यावर बोलावलं, चहा पाजला, वही काढली.

(पडद्यावर: वरात. लाल कोट, घामाघूम ट्रंपेटवाला, नाचणाऱ्या बायका.)

मागच्या वैशाखात बहिणीचं लग्न झालं. आप्पा आता अध्यक्ष नाहीत, गुडघे गेलेत, पण मांडवाच्या दारात खुर्ची टाकून घड्याळ बघत होते. बँडनं माझंच गाणं काढलं, पावरीच्या चालीवर, माझ्या रेकॉर्डिंगपेक्षा चांगलं वाजवलं हो, खोटं कशाला बोलू. आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, बंडीच्या खिशातून दहाची नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"ही तुन्ही रॉयल्टी."

मी नोट खिशात घालून वळलो तर मागून आवाज आला.

"पावती?"