माती किती वाजता?

सांगलीकडच्या गावात मयत झालं, की फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. सरण रचलेलं असो वा खड्डा काढलेला, लोक 'मातीला' जातात. दहन असलं तर तिसऱ्या दिवशी अस्थी वेचतात, ते 'माती सावडणं'. खरोखर मातीच द्यायची असते, तिथं मात्र सगळी मदार खड्डा काढणाऱ्यांवर.

लिंगायतांची दफनभूमी म्हणजे रुद्रभूमी. इथं देह आडवा ठेवत नाहीत, मांडी घालून बसवतात. म्हणून खड्ड्याला लांबीपेक्षा खोली हवी, पाच-सहा फूट. वरचा काळा थर उपसून पहार मुरमाला लागली, की एका भिंतीत देह बसवायला कोनाडा कोरायचा. काळ्या मातीत कोरला तर छत धरत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि भिंतीसकट ढासळते. घाई झाली की नेमकं हेच होतं.

डाव्या तळहातावर इष्टलिंग, म्हणजे लिंगायत अंगावर बाळगतात ते लिंग, कपाळाला विभूती, बेलाची पानं. मग भोवतीनं खडेमीठ आणि विभूती दाबून भरतात. मीठ ओल शोषतं, कुजणं लांबवतं. शिवाय चहूबाजूंनी आधार मिळाल्यानं देह कलत नाही. कोनाड्याचं तोंड बंद झालं, की नातेवाइकांची मूठमाती. पेपरवाले जुन्या रूढींना देतात ती हीच, पण तिथं नुसतं टाकून देणंच उरलंय.

मिरजेच्या कब्रस्तानातही तीन मुठी, आणि बोलण्यात 'मिट्टी देना'. कबर उत्तर-दक्षिण, चेहरा पश्चिमेला. भुसभुशीत जमिनीत बाजूचा कोनाडा टिकत नाही, म्हणून तळाशी मधोमध चर काढून त्यावर फळ्या नाहीतर फरशा टाकतात. माती थेट अंगावर पडू द्यायची नाही.

बुजवताना थराथरानं पावलांनी दाबत जायचं आणि वर फूटभर उंचवटा ठेवायचा. पहिल्या पावसात तो बसतो. त्याआधीच दगडी चौथरा बांधला तर तो तिरका होतो, आणि बोल गवंड्याला लागतो. निदान एक पावसाळा जाऊ द्यावा.

२००५, २०१९, २०२१. तिन्ही पुरांत कृष्णाकाठच्या स्मशानभूमी पाण्याखाली गेल्या. गायरानातला उंचावरचा तुकडा दफनासाठी हवा असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडं पाठवावा लागतो.