उदयनगरची बस

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर स्टँड, सकाळ. जांबोटीकडे निघालेली बस भरते आहे.)

दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या. खिडकीशी एक सिस्टर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कुणाच्या तरी उताऱ्याची झेरॉक्स. खानापूर तालुक्यात हे रोजचं चित्र आहे. तिच्याकडे कोणी मुद्दाम वळून बघत नाही.

मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून २५ फेब्रुवारी १९९५ च्या सकाळी अशीच एक बस सुटली. इंदूरला जाणारी. पन्नासहून अधिक प्रवासी, त्यांत सिस्टर राणी मारिया, वय ४१. त्या इंदूरला पोचल्याच नाहीत.

(दृश्य: केरळचा नकाशा, मग उत्तरेकडे सरकणारी रेघ.)

जन्म २९ जानेवारी १९५४, केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात पुल्लुवळी गावी. घरचं आडनाव वट्टालिल. १९७२ मध्ये त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या सिस्टरांच्या संघात दाखल झाल्या. पुढे २००८ मध्ये संत झालेल्या अल्फोन्सा याच संघाच्या. १ मे १९७४ ला पहिली व्रतं घेतली आणि घरची मरियम आता राणी मारिया झाली. १९७५ च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशात बिजनौर, १९८३ मध्ये मध्य प्रदेशात ओडगडी, मे १९९२ मध्ये उदयनगर. घरात मल्याळम बोललेल्या बाईला आयुष्याचं सगळं काम हिंदीत करावं लागलं. घरात कोंकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण सरकारी अर्जाची भाषा ही तिन्हींपेक्षा वेगळी चौथी भाषा असते, आणि सिस्टरांनी लोकांना शिकवली ती मुख्यतः हीच: योजना कोणती, कागद कुठला, सही कुणाची.

(दृश्य: धान्य मोजणारे हात. शेजारी लाल कापडात बांधलेली वही.)

उदयनगरच्या आसपासचा आदिवासी शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता. ही वही कशी चालते ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही, म्हणून जरा थांबून हिशेबच मांडू.

जूनमध्ये घरात बियाणं नसतं. सावकार १०० किलो देतो, बोली दिढीची. म्हणजे सुगीला दीडपट परत. ऐकायला पन्नास टक्के व्याज; पण हे पाच महिन्यांचं आहे, वर्षाला काढलं तर १२० टक्के होतं. खरी मेख पुढेच आहे. वहीत धान्य लिहीत नाहीत, रुपये लिहितात, आणि तेही जूनच्या चढ्या भावाने. समजा तेव्हा भाव किलोला १० रुपये. वहीत हजार रुपये पडले, दिढीने पंधराशे झाले. सुगीत सगळ्यांचं धान्य एकदम बाजारात येतं आणि भाव साडेसात रुपयांवर उतरतो. मग पंधराशे फेडायला २०० किलो लागतात. शंभर नेले, दोनशे आणले, आणि पुढच्या जूनला घर पुन्हा रिकामं. वही सावकाराच्या हाती, अंगठा शेतकऱ्याचा. आपल्या भागातल्या जुन्या माणसांना ‘वाढीदिढी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

सिस्टर राणी मारियांनी सावकाराविरुद्ध भाषणं ठोकत बसण्यापेक्षा लोकांना बँकेच्या दारात नेलं. स्वतः समाजशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर, पण तिथे उपयोगी पडली ती चिकाटी. गट बांधले, बचत करायला लावली, सरकारी योजनांतलं कर्ज मिळवून दिलं, हक्काचा कागद कसा मागायचा ते शिकवलं. काळही तोच होता: नाबार्ड या शेती-ग्रामविकास बँकेने बचत गट बँकांना जोडण्याचा पहिला प्रयोग ५०० गटांनिशी १९९२ मध्येच सुरू केला.

(दृश्य: खानापूर तालुक्यातलं एक गाव. ओसरीवर बसलेला महिलांचा गट.)

कर्नाटकात २००० नंतर स्त्रीशक्ती गट गावोगाव झाले, त्यामुळे गटाची रीत इथे घरोघरी ठाऊक आहे. दहा ते वीस जणी. आठवड्याची ठरलेली बचत, प्रत्येक बैठकीचा ठराव वहीत, सहा महिने खंड न पडता चाललं की बँक कर्जाचं बघते, आणि कर्ज साठलेल्या बचतीच्या पटीत मिळतं. गट मोडतो कुठे, तेही ठरलेलं आहे. एक, आषाढ-श्रावणात. हातात पैसा नसतो, दोन आठवडे बचत चुकते, तिसऱ्या आठवड्याला बैठकच होत नाही. दोन, वही एकटीच लिहिते आणि बाकीच्या अंगठे देतात. मग ही वही आणि सावकाराची वही यांत फरक उरत नाही. तीन, बँकेचं कर्ज उचलून तेच सावकाराला देतात आणि बियाण्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात उभ्या राहतात. तिसरी चूक टाळायची तर कर्ज मे महिन्यात हातात पडावं लागतं, जुलैत पडून उपयोग नाही. त्यासाठी कुणीतरी मार्च-एप्रिलमध्ये बँकेत खेटे घालावे लागतात. सावकाराच्या डोळ्यांत खुपणारे असतात ते हे खेटे.

(दृश्य: घाटाचा रस्ता, धावत्या बसच्या खिडकीतून. आवाज फक्त इंजिनाचा.)

त्या सकाळी सिस्टर इंदूरला निघाल्या होत्या. तिथून पुढे केरळला घरी जायचा बेत होता. नाचनबोरच्या डोंगरात, जंगलाच्या पट्ट्यात, समंदर सिंग नावाच्या तरुणाने बस थांबवायला लावली. खाली उतरून दगडावर नारळ फोडला. आपल्याकडेही घाटाच्या तोंडाशी बस हळू होते, कुणीतरी नारळ फोडतं, खोबऱ्याचा तुकडा मागच्या सीटपर्यंत पोचतो. कुणाला त्यात वावगं दिसत नाही. त्यानेही तुकडे वाटले. सिस्टरांच्या पुढे एक धरला आणि मागे घेतला. मग सुरा काढला.

पहिले वार बसमध्येच झाले. त्यांना खाली ओढून रस्त्याच्या कडेला पुढचे. अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. प्रवाशांपैकी कोणी मध्ये पडलं नाही. मृतदेह कित्येक तास रस्त्याकडेला पडून होता. २७ फेब्रुवारीला उदयनगरलाच दफन झालं.

प्रवचनात कधीकधी या प्रवाशांना भ्याड म्हणून मोकळं होतात. बसच्या अरुंद वाटेत उगारलेला सुरा ज्याने पाहिला नाही त्याने हा शब्द जपून वापरावा.

समंदर सिंगला जन्मठेप झाली. आपल्याला भरीला घालणारे वेगळेच होते, असं त्याने नंतर उघडपणे सांगितलं. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघाच्या सिस्टर सेल्मी, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्याच्या मनगटावर राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, आणि २००६ मध्ये तो सुटला. पुढे पुल्लुवळीला जाऊन आईवडिलांना भेटला. ज्या घरातली मुलगी आपण मारली त्या घराची पायरी चढणं म्हणजे काय, ते निवेदनात सांगता येणार नाही.

(दृश्य: चर्चमधली मेणबत्ती. टेबलावर जाड फाइल.)

चर्चने पुढे सिस्टर राणी मारियांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी मरण पत्करलेल्या, ठरवलं. आता प्रश्न येतो तो असा, की ही हत्या सावकारीच्या वादातली. मग रक्तसाक्षी कशा?

चर्चच्या कायद्यात रक्तसाक्ष्य सिद्ध करायला तीन गोष्टी लागतात. मृत्यू खरोखर हिंसेमुळे झाला. मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष होता. आणि मरणाऱ्याने ते मरण ख्रिस्तासाठी पत्करलं, पळ काढला नाही की उलट वार केला नाही. पहिली आणि तिसरी साक्षीपुराव्यांनी उभी राहते. वाद नेहमी दुसऱ्या मुद्द्यावर होतो. मारेकऱ्याने येशूचं नावही घेतलेलं नसेल. पण ज्या कामासाठी मारलं ते काम श्रद्धेतून आलेलं असेल, तर तो द्वेष श्रद्धेचाच धरतात. एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो १९८० मध्ये वेदीवर गोळी लागून पडले. त्यांचा हा मुद्दा सुटायला २०१५ उजाडलं.

चौकशी सुरू करायला मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबावं लागतं. चौकशी मृत्यू जिथे झाला तिथल्या बिशपांची, म्हणून ती केरळात नाही, इंदूरला झाली: २००५ ते २००७. मग रोममध्ये पुराव्यांचा ग्रंथ तयार होतो, ईशज्ञानी म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार तो तपासतात, त्यानंतर कार्डिनल आणि बिशप. २३ मार्च २०१७ ला पोप फ्रान्सिस यांनी त्या रक्तसाक्षी असल्याचा हुकूम मंजूर केला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल आमातो यांनी त्यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या एक पायरी आधी, घोषित केलं. त्या गर्दीत समंदर सिंगही होता.

धन्यवादित म्हणजेच आपल्या कोंकणी प्रार्थनेतला ‘भागेवंत’. बेळगावातल्या ज्यांनी ‘भागेवंत जुझे वाझ’ अशी प्रार्थना वर्षानुवर्षं म्हटली आणि २०१५ मध्ये त्याचं ‘सांत’ केलं, त्यांना ही पायरी माहीत आहे. धन्यवादितांची सार्वजनिक भक्ती ठरावीक धर्मप्रांतांपुरती आणि संघापुरती असते. घरात तस्बीर लावा, खुशाल प्रार्थना करा; पण चर्च त्यांच्या नावाने वाहायचं तर रोमची परवानगी लागते. आणि ज्यांची चौकशी अजून चालू आहे अशा कुणाच्या चित्राभोवती उत्साहाने तेजोवलय रंगवू नये, तस्बीर वेदीवर ठेवू नये. निकालाआधीच सार्वजनिक पूजा झाली नाही ना, हे चौकशीत मुद्दाम तपासतात. अशा भक्तीने कामाला मदत होत नाही, खोळंबाच होतो.

(दृश्य: बेळगाव, कॅम्प. फातिमा कॅथेड्रलसमोरचा रस्ता.)

रक्तसाक्षीला धन्यवादित व्हायला चमत्कार लागत नाही. संत व्हायला मात्र एक लागतो, आणि तो ४ नोव्हेंबर २०१७ नंतर घडलेला. बहुतेकदा तो आजारातून बरं होण्याचा असतो. बरं होणं एकाएकी, पूर्ण, टिकणारं आणि वैद्यकाला न उलगडणारं हवं. रोमच्या वैद्यकीय मंडळात सात जण बसले तर निदान पाच जणांनी तसं म्हणावं लागतं. ऑपरेशन झालं आणि मग बरं वाटलं, एवढ्याने भागत नाही.

आपल्याकडे अडतं ते एका प्रेमळ सवयीपाशी. घरात कुणी अत्यवस्थ झालं की वेळंकणीला नवस, सांत आंतोनीला मेणबत्ती, फातिमा मायेला तेर्स म्हणजे जपमाळ, आणि सोबत राणी मारियांनाही हाक. माणूस उठून बसला तर गुण कुणाचा लिहायचा? चौकशीला एकाच नावाने मागितलेली प्रार्थना लागते. कोणी, कधीपासून आणि किती जणांनी मागितली तेही.

दुसरी अडचण कागदांची. आजार सिद्ध करणारे आधीचे रिपोर्टच हरवलेले असतात. उरतं ते डिस्चार्ज कार्ड, तेही डाळीच्या डब्याखाली. स्कॅनच्या मूळ फिल्म, तारखेसह रक्ताचे रिपोर्ट, औषधाच्या चिठ्ठ्या, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, हे सगळं एका फाइलीत राहू द्या. डॉक्टर ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

ती फाइल घेऊन इंदूरची गाडी पकडायची नाही. पुढे चौकशी नेमायची वेळ आली तर ती बरं होणं जिथे घडलं तिथल्या बिशपांनी नेमायची असते. जांबोटीतला माणूस बरा झाला असेल, तर आधी आपल्या फादरांना दाखवायचं, आणि मग कॅम्पातलं बिशप हाउस.