फळीवर वाळत ठेवलेले वाडगे

(सुरुवातीला फक्त आवाज. लेथ चालू होतो. आठ-दहा सेकंद निवेदन नको.)

हा जो सर्र सर्र आवाज येतोय ना, तो लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, फिरणाऱ्या ओल्या लाकडाचा. वाळकं लाकूड असं बोलत नाही, ते खरखरतं आणि त्याचा नुसता भुसा उडतो. ओल्या लाकडातून मात्र अशा लांबच लांब रिबिनी सुटतात, हातभर, कधी त्याहूनही लांब, आणि नीट बघितलंत तर पाणी उडतंय, कातणाऱ्याच्या फेसशील्डवर बारीक थेंब दिसतायत बघा. मागच्या आठवड्यापर्यंत हे झाड उभं होतं, वाऱ्यात आडवं झालं, तोडणाऱ्यांनी याला फोन केला आणि हा ओंडके घेऊन आला.

या माणसाचं नाव आपण घेणार नाहीये. त्यानेच नको सांगितलं. जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरेल आणि मग सगळे एकेक पेनस्टँड फुकटात मागत बसतील असं त्याचं म्हणणं. वय ४१. १४ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या, त्या एका तक्त्यात भरायच्या आणि त्या दुरुस्त होतायत का याची वाट बघत बसायचं. आता चुका स्वतःच्याच असतात आणि वाट बघावी लागत नाही, कधीकधी तर त्या सरळ डोक्याच्या दिशेने येतात. तो शॉट पुढे आहे.

आधी ओंडका बघू. ओंडक्याच्या बरोब्बर मध्ये हा गडद ठिपका दिसतोय, पेन्सिलीच्या शिशाएवढा, झाडाचा गाभा इथून सुरू होतो. हा ठिपका वाडग्यात राहिला तर वाडगा वाळताना तिथून तडकतोच, जवळपास नक्कीच. म्हणून ओंडका आधी लांबीला उभा चिरायचा, मधली दोन बोटं जाडीची पट्टी काढून टाकायची, आणि उरलेल्या दोन अर्ध्या भागांतून वाडगे. नवीन माणूस ही मधली पट्टी वाया जाते म्हणून हळहळतो. यानेही सुरुवातीला ती ठेवली होती. तेव्हाचे तडकलेले तीन वाडगे त्याने दाराशी टांगून ठेवलेत, कॅमेरा तिकडे गेला की तो जरा ओशाळतो.

आता लेथ. एका बाजूला हेडस्टॉक, तिथे मोटर आणि लाकूड घट्ट धरणारा चक, समोर दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक, आणि मध्ये हत्यार टेकवायचा टूलरेस्ट. बस्स, एवढंच यंत्र. सुतारकामात लाकूड स्थिर असतं आणि हत्यार चालतं, इथे उलटं, लाकूड फिरतं आणि माणसाने स्थिर राहायचं, जे ऐकायला सोपं वाटतं. किती वेगाने फिरवायचं याचा कातारी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या लोकांचा एक ठोकताळा आहे, व्यास इंचात घ्यायचा, आरपीएमने, म्हणजे मिनिटाला किती फेरे त्या आकड्याने, गुणायचं, उत्तर ६,००० ते ९,०००च्या मध्ये यायला हवं. म्हणजे १२ इंचाच्या वाडग्याला ५०० ते ७५०. आणि ओबडधोबड ओंडका असेल तर त्याहूनही कमी, लेथ थरथरायचा थांबेपर्यंत.

(क्लोजअप: गाऊजची धार.)

हे हत्यार म्हणजे गाऊज, पन्हळीसारखं खोलगट पोलाद. धारेच्या मागे हा जो चमकणारा उतार आहे त्याला बेव्हल म्हणतात, आणि सगळी कला या अर्ध्या इंचात आहे असं म्हटलं तरी चालेल. आधी दांडा टूलरेस्टवर टेकवायचा, मग बेव्हल लाकडाला नुसता घासू द्यायचा, काही कापलं जात नाही, फक्त टेकलेला, आणि मग मूठ हळूच वर उचलायची की धार आत शिरते. क्रम चुकला, धार आधी लागली आणि बेव्हल नंतर, तर लाकूड हत्यार ओढून घेतं. हे बघा.

(स्लो मोशन. निवेदन थांबवा.)

वाडगा चकमधून निघून छताला लागला. तो कुठे उभा आहे ते बघितलंत? वाडग्याच्या समोर नाही, बाजूला. लेथ चालू करताना कायम बाजूला, तोंडावर शील्ड, हातात मोजे अजिबात नाहीत, बाह्या दुमडलेल्या. मोज्याचा धागा अडकला तर मोज्याबरोबर हातही जातो. आणि मास्क. पहिल्या दिवशी त्याने मास्क लावला नव्हता, ते सगळं फुटेज आम्ही टाकून दिलं, चांगला उजेड होता तरी. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या, म्हणजे पहिल्या गटात टाकलंय. ओल्या लाकडाच्या रिबिनींनी तेवढं काही होत नाही, घासताना जी धूळ हवेत तरंगत राहते ती वाईट, दिसत नाही म्हणून जास्तच वाईट.

हे सगळं तो शिकला कुठे? व्हिडिओ बघून सुरुवात केली, सगळेच करतात, आणि वर्षभर त्याला वाटत होतं की जमतंय. मग त्याला एक काका भेटले. आयुष्यभर टेबलखुर्च्यांचे पाय कातलेला माणूस, आता काम बंद केलंय. काकांनी कॅमेऱ्यासमोर यायला सपशेल नकार दिला, म्हणून तुम्हाला फक्त त्यांची पाठ आणि हा हात दिसतोय. पण हात बघा. अंगठ्याच्या मुळाशी जो घट्टा आहे तो टूलरेस्टचा.

काकांनी त्याला तीन महिने वाडगा करू दिला नाही. नुसता दांडा. दांड्यावर मणी, म्हणजे मण्यासारखा गोल फुगवटा, मण्याशेजारी खोलगट गळा, परत मणी, आणि सगळं स्क्यूने, तिरक्या पात्याच्या त्या हत्याराने, ज्याला मुरलेले कातारीसुद्धा बिचकतात, कारण ते जरा वरच्या बाजूने लागलं की दांड्यावर जिन्यासारखा वळसा उमटवत एका झटक्यात टोकापर्यंत पळतं. दिवसाला वीस-पंचवीस दांडे आणि संध्याकाळी सगळे जळणात. हा इथे लेथवर आणि काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. तिथूनच ओरडायचे, धार लाव रे. याला कळायचं नाही, हे न बघता कसं सांगतात. हा म्हणायचा, काका आत्ताच तर लावली. ते म्हणायचे, मला ऐकू येतंय ना, तू लाव.

आता त्याला स्वतःलाही ऐकू येतं. आम्ही दोन दिवस शूट केलं त्यात त्याने कितीदा धार लावायच्या ग्राइंडरकडे फेऱ्या मारल्या हे मी मोजायला सुरुवात केली होती, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत १७ झाल्या, मग सोडून दिलं. लोकांना वाटतं हे काम म्हणजे लाकूड, मला विचाराल तर निम्मं काम पोलादाचं आहे.

(पाय, फळी, दोरी. हा शॉट पूर्ण चालू द्या.)

हा दुसरा लेथ त्याने स्वतः बनवलाय, वीज नाही, मोटर नाही. वर लवचिक लांब काठी, काठीपासून खाली येणारी दोरी, दोरीचा लाकडाला एक वेढा, आणि खाली पायाची फळी. फळी दाबली की लाकूड आपल्याकडे फिरतं, तेव्हाच कापायचं, पाय सोडला की काठी दोरी वर ओढते आणि लाकूड उलटं फिरतं, तेव्हा हत्यार किंचित मागे. म्हणजे निम्मा वेळच काम. इंग्लंडमध्ये हाय विकमच्या आसपासच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलांत बॉजर नावाचे कारागीर अगदी असंच काम करायचे, विंडसर नावाच्या लाकडी खुर्च्यांचे पाय तिथेच झाडांखाली, ओल्या लाकडातून कातायचे, वाळत रचून ठेवायचे आणि मग शहरातल्या कारखान्यांना विकायचे, विसाव्या शतकातही काही जण हे करत होते. आणि त्याच्याही खूप मागे जायचं तर इजिप्तमधल्या पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात इ.स.पू. ३००च्या सुमाराचं एक भिंतीवरचं कोरीव चित्र आहे, दोन माणसं, एक जण दोरी ओढून लाकूड फिरवतोय आणि दुसरा हत्यार धरून. लेथचं माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्र तेच. त्या दोरी ओढणाऱ्या माणसाची जागा नंतर काठीने घेतली, मग मोटरने, हत्यार धरणारा आहे तिथेच आहे.

हा पायाचा लेथ विक्रीच्या कामाचा नाही, लोकांना दाखवायला तो प्रदर्शनात नेतो, मुलं हमखास थांबतात आणि मुलं थांबली की आईबाप थांबतात.

विक्रीचं काम हे. जिन्याच्या कठड्याचे २६ दांडे, सगळे एकसारखे. जुन्या घरातला एक दांडा नमुन्याला आणून दिलाय. ही जी पट्टी दिसतेय, पेन्सिलीच्या खुणांची, त्यावर प्रत्येक मणी कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते एकदाच मोजून ठेवायचं, मग फिरत्या लाकडाला पट्टी लावून खुणा उतरवायच्या, कॅलिपरने जाडी बघायची, आणि चालू. पहिल्या दांड्याला त्याला सव्वा तास लागला, दहाव्याला पंचवीस मिनिटं. गंमत अशी की जाडीत एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तर डोळ्याला कळत नाही पण मणी तेवढाच वर-खाली सरकला तर शेजारी शेजारी उभे केल्यावर लगेच खुपतं. तुम्ही या रांगेतला वेगळा दांडा शोधून बघा. एक आहे. त्याने मला दाखवला म्हणून मला माहितीये. नमुना लावला की तसंच कातत जाणाऱ्या कॉपी लेथवर हे २६ दांडे फार लवकर झाले असते, हो, झाले असते.

वाडगे दिसतात छान, पण घर चालतं ते अशा दांड्यांवर, तुटलेल्या खुर्चीच्या एका पायावर, हत्यारांच्या मुठींवर. पैशाचं विचारलं तर, पगाराच्या जवळपासही अजून पोचलेला नाही, बायकोच्या नोकरीवर भागतंय, कर्जाचे हप्ते लांबवून घेतलेत, आणि मुलीचा एक क्लास बंद केला. असो.

ही दोरीवर वाळत घातलेली फडकी बघा, एकेक सुटं, पसरून. यावर जवसाचं तेल आहे, तयार वाडग्याला शेवटचा हात याचाच. हे तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, आणि ते होताना गरम होतं. फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकला की ती उष्णता आतच साठत जाते आणि काडी न लावता बोळा पेटतो. याच्या बादलीतून एकदा धूर आला होता. रात्री नऊला, भुशाच्या शेजारी. ते बायकोने बघितलं. ती कॅमेऱ्यावर यायला तयार होती पण तिच्या शिफ्ट आणि आमचे दिवस जुळले नाहीत. तेव्हापासून फडकी दोरीवर, आणि दोरी बाहेर.

(फळ्या. कॅमेरा डावीकडून उजवीकडे, सावकाश.)

आणि ही फळी. खरं तर आम्ही इथूनच सुरुवात करणार होतो.

सुरुवातीला जो ओला वाडगा तो कातत होता, तो एका दिवसात पूर्ण होत नाही. पहिल्या वेळी तो मुद्दाम जाड ठेवायचा, व्यासाच्या साधारण दहावा हिस्सा, १२ इंचाला सव्वा इंच भिंत. कडेला जिथे लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या गेल्यात तिथे मेण लावायचं कारण तिथून पाणी सगळ्यात लवकर जातं आणि घाईने वाळलं की चीर पडते. मग त्याच्याच रिबिनींबरोबर कागदी पिशवीत, आणि काही आठवड्यांनी पिशवीतून काढून फळीवर. लाकूड लांबीला जवळपास आकसतच नाही, पण वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडच्या मानाने, साधारण दुप्पट आकसतं. म्हणून गोल ठेवलेला वाडगा वाळेपर्यंत अंड्यासारखा होतो. जाड भिंत ठेवली ती एवढ्याचसाठी, की वाकडा झाला तरी त्यातून परत गोल वाडगा काढता यावा.

प्रत्येक वाडग्याच्या बुडाला पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहिलंय. दर रविवारी सगळे काट्यावर. वजन उतरत जातं, आणि सलग तीन रविवार तेच आलं की लाकूड तयार, मग परत लेथवर. जातीप्रमाणे आणि जाडीप्रमाणे सहा महिने, वर्ष, कधी जास्त. इथे आत्ता ६३ वाडगे आहेत. म्हणजे नोकरी सोडल्यावर पहिले कितीतरी महिने विकायला वाडगेच नव्हते, सगळे इथे बसून होते, आणि हे नोकरी सोडताना कुणी सांगितलं नव्हतं का असं मी विचारलं तर म्हणाला, काकांनी सांगितलं होतं, मला वाटलं ते घाबरवतायत.

हा खालच्या फळीवरचा. बुडाला पहिला आकडा १,४६० ग्रॅम. त्याखाली एकेक खोडलेला, १,३१०, १,१९०, १,०८०, मग आकडे जवळजवळ यायला लागतात. ९८०. ९६५. मागच्या रविवारी ९६०, त्याच्या आधीच्या रविवारीही ९६०.

आज काट्यावर ९५६.

चार ग्रॅम. तो काट्याकडे बघतो, वाडगा उचलतो, परत ठेवतो, परत ९५६. पेन्सिल कानामागून काढतो, ९६० खोडतो, खाली नवा आकडा लिहितो, आणि वाडगा परत त्याच जागी, पालथा.

(लेथ चालू झाल्याचा आवाज. पडदा काळा.)