न पेटलेले सरपण

श्रोतेहो, नमस्कार. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यातील वडधम येथे वनविभागाचे जीवाश्म उद्यान आहे. तेथील ओंडके दुरून लाकडाचे वाटतात आणि टिचकी मारली की दगडाचे निघतात. 'जीवाश्म' हा शब्द मला नेहमीच जड वाटत आला आहे. 'दगडी लाकूड' म्हटले की शाळकरी मुलाला निम्मे तिथेच कळते.

त्या भागातील एका आजींनी मला एक आठवण सांगितली. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात घरातले सरपण भिजले, म्हणून त्या ओढ्याकाठी गेल्या आणि तेथे त्यांना हातभर लांबीची एक ढलपी सापडली. ती इतकी जड कशी, असे त्यांच्या मनात आले. पण नव्या सुनेने फार विचारायचे नसते, म्हणून त्यांनी ती मुकाट्याने मोळीत बांधली. संध्याकाळी ती चुलीत सारली. फुंकणीने फुंकून डोळे लाल झाले, बाकीच्या काटक्यांची राख झाली, ढलपी मात्र नुसती काळी पडली आणि अखेर फटकन तडकून तिच्या कपच्या भातात उडाल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दगड शिजवतेस की काय?" पुढे घरातले विळे त्याच तुकड्यावर घासले गेले. आजींनी तो मला दाखवला: एका अंगाला लाकडाच्या तंतूंच्या उभ्या रेषा, दुसऱ्या अंगाला विळ्यांनी पाडलेला गुळगुळीत खोलगटपणा.

गाळात गाडल्या गेलेल्या लाकडात सिलिका, म्हणजे गारगोटी जिची बनते ते द्रव्य, विरघळलेले पाणी मुरते आणि पेशीपेशीत ती सिलिका साचत जाते; आकार झाडाचा राहतो, वस्तू दगडाची होते. प्राणहिता-गोदावरीच्या याच खोऱ्यात १९६० च्या सुमारास ज्युरासिक काळातील एका अवाढव्य डायनोसॉरची हाडे मिळाली. मांडीचे हाड माणसाच्या उंचीचे, म्हणून बंगालीतील 'बडो पा', म्हणजे मोठा पाय, यावरून आणि रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ १९७५ मध्ये त्याचे नाव 'बारापासॉरस टागोरी' ठेवले गेले. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे.

श्रोतेहो, तेथे गेलात तर पाहा, छायाचित्र घ्या, पण तुकडा उचलू नका. पुन्हा सांगतो, उचलू नका. कारण तो कोणत्या थरात होता हे हरवले की त्याचे वयही हरवते. आजींनाही मी हेच सांगितले. त्या म्हणाल्या, "न्या की परत ठेवायला. आधी विळ्यासाठी दुसरा दगड आणून द्या."