कोतवाल, पाटील आणि ठाणे : विदर्भातील तालुक्याच्या पोलिसांचा इतिहास

मित्रहो, तालुक्याच्या गावातील पोलीस ठाण्याचा इतिहास सांगायचा म्हटले की ठाणेदारांच्या नावांचा फलक आणि इंग्रजांच्या काळातली कौलारू इमारत एवढ्यावरच बहुधा भागवले जाते. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचे नाव त्या फलकावर कधीच नव्हते. तो गावचा कोतवाल. आपल्या भागातले ठाणे जवळजवळ शंभर वर्षे त्याच्या पायांवर चालले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरे रघुजी भोसले वारल्यावर नागपूरचे राज्यही खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला; त्याच साली देशाचा पोलीस कायदाही झाला. वऱ्हाड मात्र १९०३ पर्यंत वेगळ्या कारभाराखाली राहिला. नव्या व्यवस्थेत ठाण्याला एक अधिकारी, एखाद-दुसरा हेड कॉन्स्टेबल आणि मोजके शिपाई मिळत, आणि त्यांच्या हद्दीत असंख्य गावे येत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि भरलेले नाले यांमुळे अनेक गावांचा रस्ताच बंद होई. अशा स्थितीत खून, दरोडा, बेवारस प्रेत, गुरांची चोरी यांची खबर ठाण्यापर्यंत पोचायची ती गावानेच आणून दिली तर.

ती खबर देण्याची जबाबदारी वऱ्हाडात वतनदार पाटलावर आणि नागपूरकडे मालगुजार (गावचा सारा भरणारा जमीनदार) व मुकद्दम (गावचा प्रमुख) यांच्यावर असे. प्रत्यक्ष चालत जाणारा मात्र कोतवाल किंवा जागल्या, आणि तो पुष्कळ गावांत महार समाजातील असे. रात्रीची गस्त, गावात आलेल्या अनोळखी माणसावर लक्ष, पंचनामा होईपर्यंत प्रेताची राखण, सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे ही सारी कामे त्याचीच. मोबदल्यात बहुतेक ठिकाणी खळ्यावरचे धान्य मिळे. ज्या माणसाच्या साक्षीवर आणि तंगडतोडीवर सरकारचा कायदा गावात उभा राहिला, त्यालाच गावाने वेशीबाहेर ठेवले, हे सांगताना मला आजही संकोच वाटतो. पण ते वगळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

याच कोतवालाकडे आणखी एक काम होते. गावातले जन्म आणि मृत्यू नोंदवून ती वही ठरल्या दिवशी ठाण्यात नेऊन दाखवायची. त्याला स्वतःला लिहिता येत नसले तर दुसऱ्या कोणाकडून नोंद लिहून घ्यायची. त्या वहीत जन्मलेल्याच्या बापाचे नाव असे आणि जातही लिहिलेली असे. गुन्ह्यांच्या बंदोबस्तासाठी उभारलेल्या ठाण्याकडे अशा रीतीने जिल्ह्यातील जन्ममृत्यूंचा हिशेब आला आणि पटकीच्या साथीचा पहिला सुगावाही पुष्कळदा याच नोंदींतून लागे. आज जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, तेव्हा विदर्भातील कितीतरी कुटुंबे तहसीलच्या अभिलेख कक्षात याच वहीची, म्हणजे ‘कोतवाल बुका’ची, नक्कल मागतात. आजोबांचे शाळेत नाव नव्हते, शेतीचा सातबारा नव्हता. पण त्यांच्या जन्माची एक ओळ तिथे असते.

ठाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारने अधिक व्यापक केला. असा शिक्का बसलेल्यांना हजेरीसाठी ठाण्यात यावे लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय गेली नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील आष्टीत लोक ठाण्यावर चालून गेले. गोळीबारात गावकरी मारले गेले आणि ठाणेदारासह काही पोलिसांचाही जीव गेला. ठाणे तेव्हा परक्या सत्तेचे सर्वांत जवळचे रूप होते. मारले गेलेले शिपाईही याच मुलखात नोकरी करणारी माणसे होती, म्हणून त्या दिवसाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावेसे वाटते.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वतनी पदे संपुष्टात आणली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गुन्हा, संशयास्पद मृत्यू किंवा शांतताभंगाची शक्यता दिसली की ठाण्याला कळवणे हे काम आता त्याच्याकडे, आणि काही गावांत तिच्याकडे, आहे. कोतवाल महसूल खात्यात तलाठ्याच्या हाताखाली राहिला, तर जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानंतर ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्थिरावली.

जुनी कोतवाल बुके मात्र फाटत चालली आहेत. काही नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे थोडे उरले आहेत. या पुस्तकांचे प्रत्येक पान स्कॅन व्हावे, नक्कल मागणाऱ्याला ते दिसावे आणि तालुक्यातील निवृत्त जमादार, पोलीस पाटील व कोतवालांच्या घरच्या वृद्धांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच लिहून घेतल्या जाव्यात, एवढी माझी इथल्या वाचनालयाला आणि महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला विनंती आहे.