कॉडच्या कण्यावरची सुरी

मंडळी, अलास्काच्या कॉड माशाचा विषय निघाला की डोळ्यांपुढे येतो तो छोट्या होडीत उभं राहून गळ सोडणारा माणूस. त्याचे फोटोही पुष्कळ आहेत. मला आज बोलायचंय ते जहाजावर मासा चिरणाऱ्याबद्दल. मालाचा भाव ठरायचा तो त्याच्या सुरीवर, आणि या कामाला स्कँडिनेव्हियातून आलेले लोक पुष्कळ होते. त्यांतलाच एक स्वीडिश माणूस धरू, बोहुस्लेन किनाऱ्यावरचा.

त्या किनाऱ्याचं पोट हेरिंग या छोट्या माशावर. 1877 च्या सुमाराला हेरिंगचे थवे आले, गावोगाव खारवण्याची कामं सुरू झाली. 1906 च्या आसपास थवे फिरकेनासे झाले आणि कामं बसली. मग असा माणूस अमेरिकेला निघायचा: गोथेनबर्गहून बोटीने इंग्लंडमधलं हल बंदर, रेल्वेने लिव्हरपूल, तिथून न्यूयॉर्क, आणि शेवटी आगगाडीने थेट सिअ‍ॅटल. मीठ किती लागतं हे हाताला आधीपासून ठाऊक होतं.

'सी. ए. थेअर' हे शिडाचं जहाज 1925 पासून सिअ‍ॅटलजवळच्या पोल्सबोहून अलास्कालगतच्या बेरिंग समुद्रात कॉड धरायला जायचं. त्यावर 14 मासेमार आणि 12 मासे साफ करणारे. पहाटे साडेचारला होड्या सुटायच्या. मासा लागला तर एकेक जण पाच तासांत 300 ते 350 कॉड आणायचा. म्हणजे चांगल्या दिवशी चार हजारांवर मासे त्या बारा जणांपुढे!

एकजण गळा कापून पोट फाडी, दुसरा आतडी आणि मुंडकं काढी, मग चिरणारा. खरं कसब इथे. मानेपासून शेपटीकडे, कण्याच्या डाव्या कडेला अगदी चिकटून सुरी चालवायची. गुदद्वाराच्या थोडं पुढे, शेपटीच्या बाजूला, कणा तिरपा तोडायचा आणि वरचा भाग उचलून काढायचा. शेपटीकडचा ठेवायचा, नाहीतर उघडलेला मासा लुळा पडतो. सुरी कण्यापासून सुटली तर मांस हाडाबरोबर जातं. कण्याखालचं रक्त राहिलं तर मीठ आत पोचण्याआधी तिथूनच कुजायला लागतो. पोटातली काळी पापुद्रीही घासून काढायची.

मग जहाजाच्या तळात मासा आणि मिठाचे थर. कातडी खाली, मांस वर. शेवटचा थर तेवढा उलटा, कातडी वर. साधारण तीन किलो चिरलेल्या माशाला एक किलो मीठ, तेही जाड भागावर सढळ आणि शेपटीकडे कमी. सुटलेलं पाणी निथळून जाऊ द्यायचं. मीठ जाडंच हवं. फार बारीक असलं तर वरचं मांस लगेच घट्ट होतं आणि आतलं कच्चंच राहतं. वरून पाहणाऱ्याला कळतही नाही. मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं तर मासा पांढराशुभ्र दिसतो, पण मीठ मुरायला उशीर लागतो.

आपल्याकडे बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बिनमिठाचा वाळतो, कारण तो पातळ. कॉडसारखा जाड मासा आपल्या उष्ण हवेत तसा वाळवायला गेलं तर आतून सडेल. मात्र खाऱ्या माशावर उन्हाळ्यात येणारी गुलाबी झाक कोकणात आणि पोल्सबोत सारखीच. ते जिवाणू मिठागराच्या मिठातून येतात, मिठाने मरत नाहीत, उबेत वाढतात. म्हणून खारवलेला माल थंड ठेवायचा आणि एकदा वापरलेलं मीठ पुन्हा घ्यायचं नाही.

'थेअर'ची मासेमारीची शेवटची फेरी 1950 सालची. जहाज आज सॅन फ्रान्सिस्कोला आहे. बघायला गेलात तर डोलकाठ्यांचे फोटो काढून परतू नका, खाली तळात उतरायला मिळालं तर उतरा. मिठाचे थर तिथे लागायचे.