कात्स : मांजर आणि याजक

मंडळी, सुरुवात मांजरापासून करू. जर्मन भाषेत मांजराला ‘कात्से’ म्हणतात, आणि जर्मनीत ‘कात्स’ हे आडनाव बऱ्यापैकी आढळतं. अमेरिकेत गेल्यावर त्याचा उच्चार ‘कॅट्स’ झाला, म्हणजे इंग्रजीतही मांजरच! आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे वाघ आहेत, कोल्हे आहेत, लांडगे आहेत. मध्ययुगीन जर्मनीत एखाद्याला त्याच्या स्वभावावरून गाववाले मांजर म्हणू लागले, ते नाव मुलाला चिकटलं, नातवाला चिकटलं, आणि झालं आडनाव. हा ख्रिस्ती शेतकरी किंवा कारागीर कात्स.

पण कात्स नावाच्या ज्यू माणसाला तुम्ही मांजर म्हणालात, तर तो हसून मान हलवेल. त्याच्या आडनावात मांजर नाहीच. ती हिब्रूमधली दोन अक्षरं आहेत, ‘काफ’ आणि ‘त्सादे’. पूर्ण शब्द ‘कोहेन त्सेदेक’, म्हणजे नीतिमान याजक. मराठी बायबल वाचणाऱ्यांना स्तोत्रसंहितेतलं 132 वं स्तोत्र आठवेल. ‘तुझे याजक नीतिमत्त्व परिधान करोत’ अशा आशयाची ओळ तिथे आहे. हिब्रूत अशी आद्याक्षरांची नावं करण्याची जुनी खोड आहे. याजकांना मंदिरात मदत करणाऱ्या लेवी घराण्यातल्यांचं ‘सेगाल’ तसंच, आणि प्रार्थना सांगणाऱ्याचं ‘शात्स’ही तसंच. गंमत म्हणजे जर्मनमध्ये ‘शात्स’चा अर्थ खजिना. कात्स ही खूण सोळाव्या-सतराव्या शतकापासून थडग्यांवर आणि पुस्तकांत दिसू लागते.

म्हणजे लिहायला एक, बोलायला एक, आणि मुळं दोन. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

इथे एक तिसरा घोटाळाही सांगून टाकतो. ऱ्हाइन नदीच्या काठी, सांक्ट गोअर्सहाउझेन गावाच्या वर, ‘बुर्ग कात्स’ नावाचा किल्ला आहे. चौदाव्या शतकात तो कात्सनेल्नबोगेनच्या सरदारांनी बांधला. या गावाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘मांजराचं कोपर’. लोकांनी लांबलचक नाव कापून नुसतं ‘मांजर’ केलं, आणि शेजारी ट्रियरच्या आर्चबिशपांचा किल्ला होता त्याला ‘उंदीर’ म्हणायला सुरुवात केली. याच गावावरून एका नामांकित ज्यू रब्बी (धर्मगुरू) घराण्याने कात्सनेलेनबोगेन हे नाव घेतलं. त्यांतले मेइर सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआचे रब्बी होते. नावात ‘कात्स’ असलं तरी हे घराणं त्या नावामुळे याजकांचं ठरत नाही. आपल्या मांजरेकरांचा मांजराशी जेवढा संबंध, तेवढाच यांचा. गावाचं नाव, बस्स. जर्मनमधला ‘ओपनहाइमर’चा शेवटचा ‘अर’ आणि आपला ‘कर’ हे एकाच कामाला लावलेले प्रत्यय आहेत.

मग ज्यूंनी ही आडनावं पक्की कधी केली? बहुतेकांनी सरकारने सांगितलं तेव्हा. त्याआधी ‘याकोबचा मुलगा मोशे’ एवढ्यावर भागत असे. 1787 मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने हाब्सबुर्ग प्रदेशांतल्या ज्यूंना कायमचं जर्मन आडनाव घ्यायला लावलं. 1808 मध्ये नेपोलियनने फर्मान काढलं, 1812 मध्ये प्रशियाने. करवसुली आणि सैन्यभरती हे त्यामागचं व्यवहारी कारण. कारकुनांनी लाच न देणाऱ्यांना मुद्दाम घाणेरडी नावं दिली, अशा कहाण्या पुष्कळ सांगतात. मला त्यांतल्या बऱ्याचशा रंगवलेल्या वाटतात. कात्स मात्र या काळात सोयीचं ठरलं असणार. जर्मन कानाला ते अस्सल जर्मन, आणि घरच्या माणसाला आपण कोण हे सांगणारं. याजक घराण्यांची कोहेन, कोन, कान, रशियात गेलेली कागान आणि कोगान हीसुद्धा याच कुळीतली नावं.

नाव ऐकून माणूस ओळखता येत नाही, याची सर्वांत भयानक कबुली नाझी राजवटीने दिली. ऑगस्ट 1938 मध्ये हुकूम निघाला की ज्यू पुरुषांनी आपल्या नावाला ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ जोडायचं. ज्यांचं पहिलं नाव सरकारी यादीप्रमाणे आधीच ज्यू होतं, तेवढ्यांना सूट. 1 जानेवारी 1939 पासून तो लागू झाला. आडनावांवरून वेगळं काढता आलं असतं, तर या हुकमाची गरज कुठे होती?

आता रक्ताकडे वळू. या आडनावाचं मला वाटणारं खरं आकर्षण इथे आहे. वाघ आडनाव वंशाबद्दल काही दावा करत नाही. ज्यू कात्स मात्र दावा करतं. ते म्हणतं, माझा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप, असं थेट मोशेचा भाऊ, ज्यू परंपरेतला पहिला याजक अहरोन याच्यापर्यंत. ज्यू असणं परंपरेने आईकडून येतं, पण याजक असणं फक्त बापाकडून. जीवशास्त्रातही बापाकडून मुलाकडे, फक्त मुलाकडेच, जाणारी एक गोष्ट आहे. वाय गुणसूत्र.

कार्ल स्कोरेत्स्की हे मूत्रपिंडाचे डॉक्टर आणि संशोधक, स्वतः याजक घराण्यातले. एके दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनासाठी पहिला मान असलेल्या याजकाला बोलावलं, आणि उठला तो उत्तर आफ्रिकेकडचा गृहस्थ. चेहरामोहरा, रंग, सगळं वेगळं. स्कोरेत्स्कींच्या मनात आलं, परंपरा खरी असेल तर या माणसाचं वाय गुणसूत्र आणि माझं एकाच पूर्वजाकडून आलेलं असायला हवं. पुढे अॅरिझोना विद्यापीठातले मायकेल हॅमर आणि इतर संशोधक त्यांच्या सोबतीला आले, आणि जानेवारी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये पहिला छोटासा शोधनिबंध आला.

यातलं तंत्र पोथीवरून समजतं. लेखनिक पोथीची नक्कल करताना एखादा शब्द दोनदा लिहितो, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत उतरते. दोन पोथ्यांत त्याच चुका सापडल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या हे उघड. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे मोजायचं. 1998 च्या दुसऱ्या निबंधात अशी सहा ठिकाणं मोजली. याजकांत एक आकडेवारी वारंवार निघाली, 14, 16, 23, 10, 11, 12. युरोपातल्या अश्केनाझी आणि भूमध्य सागराकडच्या सेफार्दी, दोन्ही याजकांमध्ये तिचं प्रमाण निम्म्याच्या आसपास होतं. सामान्य ज्यूंत ते दहा-तेरा टक्क्यांवर थांबत होतं. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, अहरोन सापडला!

तसं काही झालं नव्हतं. सहा आकडे फार थोडे असतात, आणि हीच आकडेवारी ज्यू नसलेल्या मध्यपूर्वेतल्या पुरुषांतही दिसू लागली. म्हणून हॅमर आणि स्कोरेत्स्कींच्या गटाने 2009 मध्ये 215 याजक पुरुषांची जास्त खोल तपासणी केली. त्यांतले 46 टक्के वाय गुणसूत्राच्या जे-पी58 या एका शाखेचे निघाले. त्या शाखेतल्या मुख्य गटाचा समान पूर्वज त्यांनी सुमारे 3,200 वर्षांपूर्वीचा ठरवला. पण त्या अंदाजात मागेपुढे हजारेक वर्षांची मोकळीक आहे, हे मथळे लिहिणाऱ्यांनी वाचलं नसावं. एक जुना, सामाईक बाप आहे, एवढं नक्की. तो अहरोनच, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

आणि उरलेले निम्म्याहून अधिक? त्या 215 जणांत एकूण 21 वेगवेगळ्या पितृशाखा सापडल्या. दुसऱ्या क्रमांकाची, जे-एम410, सुमारे 14 टक्क्यांत होती. जावयाने सासरचं नाव घेणं, दत्तक, घरात कुणीतरी ‘आपण याजकच’ असं ठरवून टाकणं, किंवा प्राचीन याजकवर्गच मुळात एका बापाचा नसणं, यांतलं काहीही घडलं असू शकतं. मला हा उरलेला भाग पहिल्यापेक्षा जास्त माणसांचा वाटतो. एवढ्या पिढ्यांत घरंदाजांच्या घरात काय काय घडतं, ते आपण जाणतोच.

शेजारच्या ख्रिस्ती कात्स मांजरवाल्याची तपासणी केली, तर तिथे बहुधा आर1बी किंवा आय1 अशा जर्मनीत सर्रास आढळणाऱ्या शाखा निघतील.

शिवाय वाय गुणसूत्र म्हणजे एकच धागा. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा 1,024 होतात. आडनाव त्यांतल्या एकाचं. बाकीच्या 1,023 जणांची हकीकत आडनाव सांगत नाही. जर्मनीतल्या एरफुर्ट शहराच्या मध्ययुगीन ज्यू दफनभूमीतल्या 33 माणसांचा डीएनए 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकातली ही माणसं आजच्या अश्केनाझी ज्यूंसारखीच, मध्यपूर्व आणि युरोप या दोन्हींचं मिश्रण असलेली निघाली. आणि त्यांतले साधारण एकतृतीयांश आईच्या बाजूने एकाच स्त्रीचे वंशज होते! तिचं नाव कुठल्याच आडनावात आलेलं नाही.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवतात मला या ठिकाणी. पेणकर, दिवेकर, किहीमकर. नाव गावाचं, आणि जनुकांत दोन्ही बाजू. 2016 च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वारसे भरघोस दिसले. ज्यू वारसा जास्त करून पुरुषांच्या बाजूने, भारतीय जास्त करून स्त्रियांच्या.

मघाशी एकाने विचारलं, मग आज कुणी कात्स तपासणीचा कागद घेऊन गेला, तर त्याला याजक मानतील का? परंपरेत तसा पुरावा चालत नाही. घरची आठवण, आजोबांच्या थडग्यावर कोरलेले आशीर्वादाचे दोन हात, बोटं मधून फाकवलेली, हे बघतात. जे-पी58 शाखेचा असून ज्याच्या घरात ही आठवण नाही, तो याजक होत नाही. आणि जे-पी58 ज्याच्यात अजिबात नाही, पण ज्याचा बाप याजक होता, त्याला शनिवारी सकाळी तोरासाठी पहिली हाक येते.